वेळेआधीची उपकारस्तुती

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. डॉक्टरांनी आम्हाला बोलावून "लंग कॅन्सर" हे दोन शब्द उच्चारले, तो मंगळवार होता. त्याच्या आदल्याच रविवारी, आमचे हे बरे झाले म्हणून, मी उपकारस्तुतीची सभा घेऊन मोकळी झाले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा ख्रिस्ती घरांत माणूस दुखण्यातून उठला की मंडळीला बोलावतात. गीतं होतात, प्रार्थना होते, देवाचे आभार मानतात आणि मग जेवण. माणूस उठल्यावर. रिपोर्ट यायच्या आधी नव्हे.

तीन वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची अल्लड पोर होते.

आम्ही दोघं नगरहून मुलीकडे आलो होतो, आयर्लंडमधल्या पोर्टलीशला. आमची सुहास तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. यांना खोकला विमानातच लागला होता. मी म्हटलं, हवा बदलली. मग हे स्वतःचे रुमाल स्वतः धुवायला लागले. पंचेचाळीस वर्षांत चहाचा कप न विसळलेला माणूस. मी हसत सुहासला सांगितलं, "तुझे पप्पा आयर्लंडला येऊन सुधारले बघ."

ती हसली नाही. बाथरूममधला ओला रुमाल उचलून तिने खिडकीशी धरला. कोपऱ्यात फिकट गुलाबी डाग उरला होता.

तुमच्या घरात कुणी एकाएकी स्वतःचे रुमाल धुवायला लागलं, तर माझ्यासारखं हसू नका.

एक्स-रे झाला. न्यूमोनिया असावा म्हणून गोळ्या दिल्या. ताप उतरला, खोकलाही कमी झाला. तरी डॉक्टरांना एक्स-रेवरची एक सावली खटकत होती. सीटी स्कॅन झाला. मग डब्लिनला ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नाकातून बारीक कॅमेऱ्याची नळी फुप्फुसापर्यंत घालून आत बघतात. तिथूनच बायोप्सी घेतली, म्हणजे तपासायला कणभर तुकडा. रिपोर्टला दहा दिवस.

ते दहा दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सुहास ड्युटीवरून यायची आणि इंजिन बंद करून गाडीतच बसून राहायची. मी खिडकीतून बघायची. आभाळ छपराला टेकलेलं. मागच्या शेतात कावळे उतरायचे आणि आवाज न करता बसायचे. मला हे सगळं सहन होईना. म्हणून मी ठरवून टाकलं, की हे बरे झाले.

"आई, रिपोर्ट येऊ दे गं," सुहास म्हणाली.

"तुझा विश्वास रिपोर्टावर, माझा देवावर."

प्रेस उघडून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, ती प्लेटा मोजत राहिली.

डब्लिनच्या सँडीफोर्डहून आयटीतली चार मराठी कुटुंबं आली, सगळी हिंदू. बिचारी टाळ्यांचा ठेका धरून गायली. एकाने विचारलं, "काकू, प्रसाद काय आहे?" मी म्हटलं, "केक." हे खुर्चीत कोट घालून बसले होते. माझी प्रार्थना चांगली लांबली. सगळ्यांचं आमेन झाल्यावर, बऱ्याच वेळाने, यांचं आमेन आलं.

मंगळवारी आम्हाला नेहमीच्या तपासणीच्या खोलीत नेलं नाही. शेजारी एक छोटी खोली होती. सोफा, दिवा, आणि टिश्यूचा नवा डबा, त्यातला पहिला टिश्यू कुणीतरी आधीच वर ओढून ठेवलेला. तो बघून सुहासने माझा हात धरला. त्या क्षणी ती नर्स राहिली नाही.

डॉक्टर म्हणाले, "आजार यकृतापर्यंत गेला आहे. स्टेज फोर. आम्ही तो बरा करू शकणार नाही. त्रास कमी करू शकू." त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजाराशी भांडायचं सोडून माणसाला सांभाळायचं.

घरी आल्यावर नातीने, तेव्हा नऊ वर्षांची होती, तिच्या आयरिश इंग्रजीत मला विचारलं, "आजी, डिड गॉड नॉट लाइक द केक?"

तेव्हापासून माझी प्रार्थना बंद पडली. राग होता, पण त्याहून लाज जास्त. मानलेले आभार परत कसे घ्यायचे? नगरला आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळात चाळीस वर्षं मी दुःखाच्या घरी जात आले. चपला काढायच्या आत बायबलातलं वचन तयार असायचं. "रडू नका बाई, विश्वास कमी पडतो," असं मी एका ताज्या विधवेला म्हटलेलं आहे. ती मला कधी भेटली तर पाया पडेन.

यांना ठेवलं होतं त्या वॉर्डात एक म्हाताऱ्या सिस्टर यायच्या, नन. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "प्रार्थना करू, की नुसती बसू?" मी म्हटलं, नुसत्या बसा. त्या खरंच नुसत्या बसल्या. मी रडले, त्या बसल्या. हे मला चाळीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

येशू मित्राच्या कबरेपाशी रडला, हे मी संडे स्कूलच्या पोरांना कितीदा शिकवलं असेल. घटकाभरात आपण त्याला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला, हे मात्र मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत कळलं. त्या संध्याकाळी प्रार्थना झाली. एकच शब्द होता, "बाबा." पुढचं सुचलं नाही, पण झोप लागली.

हे गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात गेले. त्यांना इथल्याच मातीत ठेवलं आहे, ती माती फार ओली असते. तुमच्यापैकी कुणी त्या सोफ्याच्या खोलीत बसलं असेल, तर एवढंच सांगते: रडा. देव उठून जात नाही.

पण मला थांबायचं आहे ते यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी. रुमाल आता मी धुवत होते. तो यांच्या हातात देताना मी कबूल केलं, की मी देवाला फसवल्यासारखं झालं, न मिळालेल्याचे आभार मानून बसले.

हे हसले. हसल्याचा खोकला झाला. तो सरेपर्यंत मी पाठीवर हात धरून थांबले. मग ते म्हणाले:

"शांते, जन्मभर देवळात तू उशिरा, दुसऱ्या गीताला पोचलीस, आणि तुझ्या साडी नेसण्यापायी मीही. माझ्या बरं होण्याला तेवढी लवकर पोचलीस. आता बस तिथेच. मी येतोय."