मागच्या चाकाचं तेल

ह्यांचे पाय गेले ते एका दिवसात नाही. आधी चालता चालता उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि ह्यांना कळायचंही नाही. मी मागून चप्पल उचलून आणायची आणि आम्ही दोघं हसायचो. वर्षभरात जिना अवघड झाला. मग काठी आली, मग दोन काठ्या. पाठीच्या कण्यात काहीतरी दोष आहे, एवढंच डॉक्टर सांगत. शस्त्रक्रियेचं विचारलं तर एक म्हणाले करून बघू, दुसरे म्हणाले नको. ह्यांनी नको म्हणणाऱ्याचं ऐकलं.

तेव्हा आम्ही यशवंतपूरच्या अलीकडे एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. लग्न होऊन मी सांगलीहून बंगळूरला आले त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मूलबाळ नव्हतं. घरमालकीण मराठीच, पण त्यांचं घराणं शिवकाळापासून इकडचं. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांचं मराठी मला पहिल्या वर्षी निम्मंच कळायचं, कारण उरलेलं निम्मं कानडी असायचं.

हे धडधाकट असताना ह्यांनी लष्कराच्या लिलावातून एक मोटारसायकल आणली होती. युद्धातली, जर्मन बनावटीची, डाव्या बाजूला साइडकार जोडलेली. तिला साखळी नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जायचा आणि चाकापाशी एका बंद डब्यात दोन दातेरी चाकं तेलात फिरायची. ह्यांना त्या डब्याचं फार कौतुक. रविवारी मला साइडकारमध्ये बसवून हे कधी बेळ्ळंदूरच्या तळ्यावर न्यायचे. तिकडे तेव्हा नुसती शेतं होती. मांडीवर जेवणाचा डबा घेऊन मी बसायची, आणि बोलायचं झालं तर ओरडूनच बोलावं लागायचं.

पायांत ब्रेक दाबायचं बळ राहिलं नाही तेव्हा गाडी अक्कांच्या परसात पत्र्याखाली उभी राहिली. कारखान्याच्या बसची पायरी ह्यांना चढता येईना. साहेब भले होते. म्हणाले, टेबलापर्यंत याल तोवर तुमची जागा तुमची. पण टेबलापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न होता.

एका सकाळी हे म्हणाले, "तू शीक."

"काय शिकू?"

"गाडी. मी साइडकारमध्ये बसतो. तू चालव."

मला वाटलं, चिडून बोलताहेत. पण ह्यांनी त्याच दिवशी कागदावर क्लच, गिअर, ब्रेक काढून दाखवले. महिनाभर आम्ही मैदानात जात होतो. हे साइडकारमधून सांगायचे, मी चुकायची, गाडी डावीकडे ओढली जायची. पाचवारीचा काठ किकमध्ये अडकून फाटला तेव्हा अक्का म्हणाल्या, "नऊवारी नेस गं, काष्टा घाल. स्वल्प दिवस लोक बघतील, मग सरी होईल, ठीक होईल." मी पुन्हा नऊवारी काढली. लोकांनी स्वल्प नाही, पुष्कळ दिवस बघितलं. पण ह्यांना मी रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाशी सोडायची आणि संध्याकाळी आणायची. फाटकावरचा पहारेकरी ह्यांना काखेत धरून उतरवून घ्यायचा. ते दीड वर्ष, खरं सांगायचं तर, वाईट गेलं नाही.

मग एका पावसाळ्यात ह्यांना तापानं धरलं. पंधरा दिवस अंथरुणावर होते. त्या दिवसांत मी गाडीच्या मागच्या चाकापाशी असलेल्या डब्यातलं तेल बदललं. ते काम हे स्वतः करायचे. परसात खाली बसवून दिलं की हातानं करायचे. मागच्या खेपेला बसवताना माझ्या हातून सुटून पडले होते. ते मला पुन्हा नको होतं. तेलाला माप असतं एवढं मला माहीत होतं. किती ते विचारलं असतं तर ह्यांनी उठून बाहेर यायचा हट्ट धरला असता. मी दुकानातून तेल आणलं आणि भरपूर ओतलं. जास्त असलं तर काय बिघडतं, असं वाटलं.

हे पुन्हा कामावर जाऊ लागले आणि तेल गळू लागलं. त्या डब्याच्या माथ्यावर दाभण जाईल एवढं एक भोक होतं. गाडी तापली की तिथून तेल बुडबुडत बाहेर यायचं आणि चाकावर, टायरवर, माझ्या काष्ट्यावर उडायचं. मी रोज फडक्यानं पुसायची. लुगड्यावरचे काळे डाग सोड्यानंही जाईनात. ह्यांना साइडकारमधून ते चाक दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आगकाडीचं टोक तासून त्या भोकात ठोकलं आणि वरून साबण चोपडला.

गळती थांबली. आठवडाभर चाक कोरडं राहिलं. आपण एक काम कुणाला न विचारता निभावलं म्हणून मी मनातून खूष होते.

हेब्बाळच्या पुढं एका गावात हाडं बसवणारे, तेलानं मालीश करणारे एक वैद्य आहेत, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. ह्यांचा विश्वास नव्हता. मीच मागे लागले. एका रविवारी दुपारी गेलो. वैद्यांनी पाय चोळले, नाडी पाहिली आणि म्हणाले, उशीर झालाय.  

परतताना हेब्बाळच्या तळ्याच्या अलीकडे रस्ता उतरता होता. समोर बैलगाडी होती. मी मागचा ब्रेक दाबला. पाय खाली गेला, पण गाडीनं वेग सोडला नाही. आणखी जोरात दाबला. काही नाही. पुढचा ब्रेक आवळला तेव्हा गाडी फिरली, रस्ता सोडून नाचणीच्या शेतात शिरली आणि साइडकारचं चाक पाटात जाऊन आपटलं.

मला खरचटलं होतं, एवढंच. ह्यांनी समोरची लोखंडी कांब उजव्या हातानं घट्ट धरली होती. तो हात मनगटात पिरगळला होता. हे ओरडले नाहीत. साइडकारमध्ये तिरके पडून आपल्या हाताकडे बघत होते. मी ह्यांना बाहेर काढायला गेले तर म्हणाले, "आधी पेट्रोल बंद कर."

शेतकऱ्यांनी बैल लावून गाडी वर काढली. त्यातला एक म्हातारा ह्यांना उचलताना सारखा "निधान, निधान" म्हणत होता, हळू हळू अशा अर्थानं, लहान मुलाला सांभाळून उचलावं तसा. एका लॉरीतून आम्ही इस्पितळात पोचलो. मनगटाचं हाड मोडलं होतं.

उजवा हात. नकाशे काढणारा.

प्लास्टर घातलं. दीड महिना हे घरी. पहिले आठ दिवस ब्रेकचा विषयच निघाला नाही. मला वाटत होतं, ब्रेक जुना होता, निकामी झाला. अगदी खरं सांगते, त्या आगकाडीचा आणि ब्रेकचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी शेतावरून ओढून आणून परसात ठेवली होती. एका सकाळी हे म्हणाले, "खुर्ची बाहेर ने. मागचं चाक उघडून बघू."

अक्कांनी आणि मी मिळून ह्यांच्यासकट खुर्ची बाहेर नेली. हे सांगत गेले, मी पान्यानं नट सोडवत गेले. चाक निघालं. आतल्या ब्रेकच्या पट्ट्या तेलानं थबथबल्या होत्या. बोट लावलं तर काळं तेल बोटावरून मनगटाकडे ओघळलं.

"हे तेल इथं यायला नको," हे म्हणाले. "मधे सील असतं, तेल अडवणारी चकती. एवढं तेल सीलमधून ढकललं जायचं म्हणजे आत दाब झाला पाहिजे." मग म्हणाले, "वरचं भोक बघ. तुंबलंय का?"

माझ्या हातात फडकं होतं. मी ते त्या डब्यावर तसंच धरून बसले.

"बघ ना."

मी फडकं काढलं. साबण वाळून पांढरा झाला होता आणि त्यातून आगकाडीचा लाकडी ठिपका दिसत होता. हे खुर्चीतून पुढं वाकले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. "तेल उडत होतं."

"कधी?"

"तुम्ही तापातून उठलात तेव्हा."

अक्का तुळशीपाशी उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. ह्यांनी पुढं काहीच विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून म्हणाले, "मला आत ने." त्या दिवशी जेवले, पण पानावर डोळे लावून. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी पाणी ठेवलं की "हं" म्हणायचे. आमच्या संसारात भांडणं झाली होती, पण असं मौन कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली. "काय काय झालं ते सगळं सांग. तेल किती घातलंस तिथपासून."

मी सांगितलं. ह्यांनी मधे अडवलं नाही. मग समजावून सांगितलं, कुठलाही दोष न देता, जसं कारखान्यात नव्या माणसाला सांगत असतील तसं. तेल तापलं की फुगतं, वरची हवाही फुगते. ती बाहेर जायला ते भोक ठेवलेलं असतं. तेल मापात असेल तर नुसती हवा जाते. मी जास्त ओतल्यामुळं तेलच वर चढलं, आणि भोक बंद केल्यावर ते सीलमधून वाट काढून ब्रेकवर गेलं. "तुझी चूक तेल जास्त घातलंस ही नाही," हे म्हणाले. "मला सांगितलं नाहीस ही आहे."

"तुम्ही खाली बसायचा हट्ट धरला असता."

"धरला असता," हे म्हणाले.

त्यानंतर चार दिवस आम्ही ते काम केलं. आधी सगळं तेल काढलं. आगकाडी आत पडू नये म्हणून मी ती गोधडी शिवायच्या सुईनं कण कण करून उकरली. डबा रॉकेलनं धुतला. ब्रेकच्या पट्ट्या पेट्रोलमध्ये बुडवून काचकागदानं घासल्या. पहिल्या दिवशी घासल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल वर आलेलं, म्हणून पुन्हा घासल्या. तसलं सील शहरात मिळेना. बाजारात चामड्याच्या पेट्या शिवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून जुनं दाखवून जाड चामड्याची चकती कापून आणली आणि रात्रभर तेलात भिजत ठेवली. नवं तेल ह्यांच्या औषधाच्या मापानं मोजून घातलं. हे मोजायचे, मी ओतायची.

त्या भोकावर पूर्वी छोटी टोपी असायची, ती कधीच हरवली होती. हे म्हणाले, "तिथून नळी काढून वर सीटखाली न्यायची. तोंड खाली वळवायचं. म्हणजे पाऊसही आत जाणार नाही." पातळ पितळी नळीचा तुकडा भोकात घट्ट बसला. त्याला जोडायला रबरी नळी पाहिजे होती. बाजारातल्या जाड होत्या.

"कपाटातल्या डब्यात आहे ती आण," हे म्हणाले.

मला कळलं कुठली ते. लघवी तुंबायला लागल्यापासून डॉक्टरांनी दिलेल्या नळ्या होत्या त्या. मी जागची हलले नाही.

"नव्या आहेत त्यांतली. त्याच मापाची आहे. आण."

मी आणली. ह्यांनी डाव्या हातानं धरली, मी तांब्याच्या तारेनं आवळली. अक्का बघायला आल्या होत्या. "हे काय, गाडीलाही दवाखाना?" त्या म्हणाल्या. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते. मला हसता आलं नाही.

गळती थांबली, ती कायमची. ब्रेक पूर्वीसारखा धरू लागला. प्लास्टर काढल्यावर मी ह्यांना पुन्हा फाटकाशी सोडू लागले. पण हात पूर्वीसारखा राहिला नाही. बारीक रेघ काढताना टोक थरथरायचं. एका संध्याकाळी गाडीत बसताना म्हणाले, "आजपासून भांडारात बसवलंय. वस्तूंच्या याद्या करायच्या." आवाज साधा होता. घरी आल्यावर ह्यांनी आपली रेखाटणीची पेटी माळ्यावर टाकायला सांगितली. मी टाकली. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, आणि मी माफीही मागितली नाही. कशी मागायची तेच कळलं नाही.

पुढचा पावसाळा ह्यांनी पाहिला, त्याच्या पुढचा नाही. बसताही येईना तेव्हा नोकरी सुटली. पाठीवर जखमा झाल्या, त्या भरल्या नाहीत.

दिवसपाणी झाल्यावर मोठे दीर सगळी आवराआवर करायला सांगलीहून आले. गाडी विकायची ठरली. मला सांगलीला न्यायचं असं ते धरूनच चालले होते. गिऱ्हाईक म्हणून एक ठेकेदार आला. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सीटखालची ती रबरी नळी बोटानं ओढून विचारलं, "हे काय लावलंय?"

मी पुढं होऊन सांगू लागले, की ती काढू नका, तेल मापानंच घाला, माप अमुक. त्यानं माझं बोलणं संपायच्या आत दिरांकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

दीर जरा घुटमळले. मग म्हणाले, "माझा भाऊ."

ठेकेदारानं मान हलवली. किक मारली, ती दोनदा चुकली. मला माहीत होतं की इंजिनात जाणारी हवा आधी जरा बंद करावी लागते, पण मी बोलले नाही. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि तो ती फाटकातून घेऊन गेला. साइडकार रिकामी असल्यामुळं वळणावर थोडी उचलली गेली. दीर म्हणाले, "चला, एक काम झालं. जरा चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. संध्याकाळी त्यांना सांगितलं की मी सांगलीला येणार नाही. अक्कांनी एका शाळेत माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. दीर रागावले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. सोमवारपासून मी बसनं शाळेत जाऊ लागले, पाचवारी नेसून.