कावळ्याच्या कृपेचा चांदवा

आमच्या गल्लीतल्या रामाच्या देवळाला नवा चांदवा करायचं ठरलं, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. जुना उंदरांनी खाल्ला होता. विलायती कापडाच्या होळ्या होऊन गेलेल्या, त्यामुळे नवा खादीचाच हवा. गल्लीतल्या प्रत्येक बाईनं एक चौकोन भरून द्यायचा, सगळे जोडायचे आणि रामनवमीला देवावर टांगायचे. कल्पना छानच होती. पण पुजारीणकाकूंनी तिला एक शेपूट जोडलं. "देवाचं काम आहे बायांनो. पहाटे आंघोळ करून, सोवळ्यात भरायचं. विटाळाचा हात लागलेला चौकोन मी गोदावरीत सोडीन."

पहाटे म्हणे! पहाटे आम्ही काय लोळत पडलेल्या असायचो? घरात नऊ माणसं. जात्यापासून दिवस सुरू व्हायचा तो रात्री चूल सारवली की संपायचा. सोवळ्यात सुई धरायची सवड फक्त पुजारीणकाकूंना, कारण त्यांच्या हाताखाली तीन सुना होत्या. माझ्या वाट्याला मोर आला होता. पौष संपला तरी त्याची नुसती चोच झाली होती.

आणि मग मला कावळा शिवला. पाळी आली असं तेव्हा कुणी तोंडानं म्हणत नसे. कावळा शिवला म्हणायचं आणि मागच्या दाराशी कोपऱ्यात जाऊन बसायचं. वेगळी घोंगडी, वेगळं ताट, तीन दिवस कशालाही हात लावायचा नाही. लोकांना ती शिक्षा वाटते. मला विचाराल तर ते माहेरपण होतं! चूल नाही, पाणी भरणं नाही, "अगं ए" अशी हाक नाही. मोर मी आधीच घोंगडीत दडवून ठेवला होता. पहिल्या दिवशी मान झाली, दुसऱ्या दिवशी पंख. राम रागावेल की काय अशी भीती वाटली, नाही असं नाही. पण सीतामाईला सगळं ठाऊक असणारच, ती घेईल सांभाळून, अशी मी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई मला प्यायला वरून पाणी घालायला आल्या, तर माझ्या मांडीवर हिरवंगार रेशीम पसरलेलं. झाकायला वेळच मिळाला नाही. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या बाबतीत महाकडक. वळणीखालून मांजर गेलं तरी लुगडं पुन्हा धुणाऱ्या. आता मोर गोदावरीत आणि माझी शोभा गल्लीभर!

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मागं वळून कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "पिसाऱ्यात थोडा जांभळा घाल. नुसता हिरवा पोपटासारखा दिसतोय."

मी मान वर केली.

"डोळे काय फाडतेस? बाकीच्या काय पहाटे उठून भरतात, असं वाटलं तुला? जुन्या चांदव्यात माझी कमळं होती. सगळी ह्याच कोपऱ्यात भरलेली." त्या लांबच, उंबऱ्यावर टेकल्या. "यंदा हत्ती घेतलाय. सोंडेपाशीच अडलाय मेला. मला आता कावळा शिवत नाही. सुटले म्हणून देवापुढं नारळ फोडला होता गं मी. बसायचंही संपलं, हे तेव्हा नाही कळलं. आता सगळ्यांचे चौकोन असतील आणि माझ्या जागी कोरी खादी."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी जीभ जास्तच सुटते. म्हटलं, "शिवेल की, सासूबाई. कावळ्याला कुठं वय कळतंय?"

"चावट कुठली!" म्हणत त्या तरातरा आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात, ऐन सकाळी, मागच्या दारातून आरोळी आली. "मला कुणी शिवू नका गं! कावळा शिवला!" मामंजी संध्या करत होते, त्यांच्या पळीतलं पाणी सोवळ्यावर सांडलं. "आं? ह्या वयात?" असं ते पुटपुटले खरे, पण बायकांच्या ह्या खात्यात पुरुषानं चौकशी करायची सोयच नव्हती. मी तोंडात पदर कोंबून पोळ्या लाटल्या. तीन दिवस सगळं घर एकटीनं ओढलं, कंबर मोडली. चौथ्या दिवशी सासूबाई न्हाऊन आल्या तेव्हा हत्तीची सोंड चांगली वर उचललेली होती.

रामनवमीला चांदवा टांगला. माझा मोर समईच्या बाजूला, त्यांचा हत्ती बरोब्बर रामाच्या डोक्यावर. पुजारीणकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, सोवळ्यात भरलं की कसं तेज येतं!" एकजात सगळ्या बायका माना खाली घालून फरशी न्याहाळू लागल्या. काकूंच्या धाकट्या सुनेला जोराचा ठसका लागला. सासूबाईंनी मला कोपरानं असं ढोसलं की मी कळवळले.

झालं, काम संपलं, असं मला वाटलं. तर वैशाखात पुन्हा तीच आरोळी. मामंजी घाबरले, वैद्यांना बोलावतो म्हणाले. आता ह्या काय भरायला बसल्या, म्हणून मी ताट द्यायच्या निमित्तानं मागं गेले. हातात सुई नव्हती, रेशीम नव्हतं. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून सासूबाई नुसत्या बसल्या होत्या.

मी आत आले आणि दाराआडूनच मामंजींना सांगितलं, "वैद्य नकोत. तीन दिवसांत बरं वाटेल त्यांना."