सरांसाठी जाड केलेली रेषा

आमच्या लॅबमध्ये प्रिंटरच्या मागे चुकलेल्या प्रिंट्सचा ढीग असतो, पाठकोरे म्हणून जपलेला. किस्स्यांचंही तसंच झालंय. टाकवत नाहीत आणि मावतही नाहीत! लॅब सांगलीतल्या एका कॉलेजातली, काम हळदीच्या रंगावर. माणसं चारच: सर, वाईची वैशाली, कोरेगावचा संतोष आणि मी.

*

ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर नवीन आलं, तेव्हा त्यात कागदाचा साइज अमेरिकन होता. आपला कागद ए-फोर. त्यामुळे प्रत्येक ग्राफची उजवी कड कापली जायची.

सर ग्राफ फक्त कागदावर बघायचे, खिडकीपाशी उभे राहून, हातात पेन्सिल घेऊन. "मला कम्प्युटरमधलं काही कळत नाही," हे ते अगदी अभिमानाने सांगायचे.

"संतोष, शेवटचं रीडिंग कुठे गेलं?"

"रीडिंग हाय सर, कागदच कमी पडतोय!"

ए-फोर डिफॉल्ट करायचं बटण सापडायला आम्हाला आख्खा आठवडा लागला. आणि तिघेही फर्स्ट क्लास एम.एस्सी.!

*

संतोषने एकदा हळदीची रेषा पिवळी ठेवली. प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट!

"आमच्या शेतातली हळद हाय. काळी कशी दाखवू?"

सर खिडकीपाशी गेले. "हळद कुठाय रे?" आम्ही पोट धरून हसलो. शेवटी संतोषने मन घट्ट करून हळद काळी केली आणि पुन्हा प्रिंट दिली. सरांनी कागद नाकापर्यंत आणला, लांब धरला, परत जवळ आणला.

"अजून दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही.

*

सरांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने राहिले होते आणि वैशालीचा थिसिस व्हायचा होता. प्रत्येक ग्राफ स्वतः वाचल्याशिवाय सर सही करत नसत.

वैशालीने आम्हाला चहाच्या टपरीवर गाठलं. "डोळ्यांचा विषय कुणी काढायचा नाही हं. दिसत नाही हे कबूल करावं लागलं, तर सर मला दुसऱ्या गाइडकडे देतील. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि मला सरच पाहिजेत रे."

त्या दिवसापासून आमची डिफॉल्ट रेषा जाड होऊ लागली आणि आकडे मोठे. एकदम नाही, त्यांना कळेल म्हणून थोडं थोडं.

"वैशाली, हल्ली तुझे ग्राफ फार स्वच्छ येतात!"

"नवीन टोनर आहे, सर."

*

त्याच सेटिंगवर संतोषचा पेपर एका जर्नलला गेला आणि परत आला. शेरा होता, "तुमच्या दोन नमुन्यांतल्या फरकापेक्षा तुमची रेषा जाड आहे!"

मी म्हटलं, "बारीक करून टाक बाबा आता."

"ऱ्हाऊ दे गड्या. पेपर पुन्यांदा धाडता येतोय. सर पुन्यांदा कुठनं आणायचे?"

मला त्याचा फार अभिमान वाटला. चहाचं बिल मात्र त्यालाच द्यायला लावलं.

*

थिसिसवर सही झाली आणि सर रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी "छत्री राहिली" म्हणून ते एकटेच लॅबमध्ये परत गेले. बऱ्याच वेळाने आले, ते रिकाम्या हाताने.

दुसऱ्या दिवशी संतोषने एक ग्राफ प्रिंट केला. रेषा केसासारखी बारीक, आकडे मुंगीएवढे. अगदी पहिल्यासारखे.

"सॉफ्टवेअर आपोआप रिसेट झालं असेल," मी म्हटलं.

संतोष कागद उलटसुलट करून बघत राहिला. "व्हय? मग कागद ए-फोरच कसा ऱ्हायला? आन् हळद काळीच कशी?"

वैशालीने दारामागे टांगलेली छत्री घेतली आणि सरांच्या घराकडे निघाली.