दादाची हाय-ग्लॉस फरशी

फरशी पायांसाठी असते. पुण्यातल्या फरशीच्या दुकानात मात्र ती हाताने निवडतात. साडी बघावी तशी. वाघोलीकडच्या रस्त्यावर अशी दुकानं ओळीने उभी आहेत आणि तिथे पोर्सिलेनचे आठ बाय चार फुटांचे स्लॅब लोखंडी चौकटीत उभे करून ठेवलेले असतात. विक्रेता एक चौकट पुढे ओढतो, वरून दिव्याचा झोत पाडतो. गिऱ्हाईक तळहात फिरवतं, मान तिरकी करून चमक बघतं आणि नवऱ्याकडे किंवा बायकोकडे वळून ‘छान आहे’ म्हणतं. त्यावर पाय ठेवून बघण्याची सोय तिथे नसते आणि कुणी ती मागतही नाही.

दादा आणि वहिनींनी कात्रजच्या फ्लॅटची फरशी बदलायचं ठरवलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर त्या दुकानात गेले होते. आई त्यांच्याकडे राहते. तिचा उजवा गुडघा नीट वाकत नाही, डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत, पण घरातल्या घरात ती काठी टेकत, कुणाचा हात न धरता फिरत असे. जुनी फरशी ठिपक्याठिपक्यांच्या मोझॅकची होती. दिसायला काही नाही, पण आईच्या पायाला ती पाठ होती. तिच्या खोलीतून हॉलचा कोपरा ओलांडला की बाथरूम. स्वतःची बाथरूम असलेली बेडरूम दादाची. आईला हवं होतं ते एवढंच, की तेवढं अंतर तिचं तिला जाता यावं. ‘मोरीत जाताना बरोबर माणूस असणं, याला सोबत म्हणत नाहीत,’ असं ती म्हणायची.

दुकानातल्या विक्रेत्याने मॅट दाखवलं, मंद चमकेचं सॅटिन दाखवलं, शिरांचे उंचवटे बोटाला लागतील असं कार्व्हिंग दाखवलं. दादा प्रत्येकावर हात फिरवून पुढे जात होता. मग पांढऱ्यावर सोनेरी-करड्या शिरा असलेला हाय-ग्लॉस आला. दोन स्लॅब शेजारी लावले की शिरा पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांसारख्या जुळतात, याला बुकमॅच म्हणतात, हे सांगून झालं. दादाला स्लॅबमध्ये स्वतःचा चेहरा दिसला आणि तिथे विषय संपला.

‘सर, हे एकदम इटालियन लुक,’ विक्रेता म्हणाला. ‘आणि मेन्टेनन्स झिरो. पाणी पीतच नाही.’

‘मग पाणी कुठे जातं?’ मी विचारलं.

‘जात नाही मॅडम. वरच राहतं. पुसून घ्यायचं.’

दुकानाची स्वतःची जमीन करड्या रंगाची, खरबरीत, मॅट होती. ही का नाही ग्लॉसी, असं विचारल्यावर त्याने सरळ उत्तर दिलं. ‘इथे दिवसभर माणसं येतात ना मॅडम. कुणी घसरलं तर?’

मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, ‘तू याची बातमी करू नकोस.’ वर्तमानपत्रातली माझी नोकरी संपली तरी माझ्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं हे उत्तर ठरलेलं असतं. वहिनी म्हणाल्या, ‘आईंच्या खोलीत मॅट घालू या की.’ म्हणजे आई पलंगाभोवती सुरक्षित फिरली असती. हॉल मात्र ग्लॉसीच.

माल आला. स्लॅब लिफ्टमध्ये मावत नव्हते, ही गोष्ट माल आल्यावर लक्षात आली. मग कामगारांनी ते काच धरावी तसे उभे धरून जिन्याने वर नेले आणि दादा प्रत्येक वळणावर ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत राहिला. एवढ्या काळजीने आईला त्याने जिना चढवल्याचं मला आठवत नाही. स्लॅब बसले. सांधे पेन्सिलीच्या रेघेएवढे. मग वहिनींना दिसलं की खिडकीजवळ विजेसारखी जी फाटे फुटलेली शीर आहे तीच, फाट्यासकट, जेवणाच्या टेबलापाशीही आहे. छापील नक्षी कुठेतरी पुन्हा येणारच. निसर्गाने इतक्या काटेकोरपणे चूक केली नसती. टेबल थोडं सरकवून दुसरी शीर झाकण्यात आली.

काम चालू असताना आई माझ्याकडे होती. परत गेली त्या दिवशी ती हॉलच्या दारात चपला काढून उभी राहिली आणि काठीच्या टोकाने फरशी टोचू लागली.

‘पाणी सांडलंय का गं?’

‘नाही आई, कोरडं आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘चमक आहे ती.’

‘आणि हे खाली काय दिसतंय?’

‘पंखा. वरचा पंखा खाली दिसतोय.’

‘बरं,’ आई म्हणाली. ‘म्हणजे पंख्यावर पाय द्यायचा.’

तिला खरोखरच ओलं कुठे आणि कोरडं कुठे हे कळत नव्हतं. उजेड खिडकीतून आला की अर्धा हॉल पाण्याने भरल्यासारखा दिसे. आठवडाभरात तिचा पाय एकदा सरकला. पडली नाही, फ्रिजचं हँडल हातात आलं. पण त्या दिवसापासून ती खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबायला लागली आणि कुणीतरी बघेपर्यंत तशीच उभी राहायला लागली. हाक मारायची नाही. चालणारं माणूस असं वाट बघत उभं राहायला लागलं, की घरातले लोक ‘वय झालं’ म्हणतात. दादाही म्हणाला. फरशी नवी आणि आई जुनी, त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवणं त्याला सोपं गेलं.

मी लक्ष्मी रोडच्या एका दुकानातून रबरी पट्टी आणली, कार्यालयांच्या दारात अंथरतात तसली, काळी आणि जाड. ती आईच्या उंबऱ्यापासून बाथरूमपर्यंत अंथरली. आई त्याच दिवशी एकटी गेली आणि एकटी आली. दादा ऑफिसातून आला तो पट्टीपाशीच थांबला.

‘बुकमॅचच्या मधोमध?’

‘मोरी तिकडेच आहे रे,’ आई म्हणाली.

पट्टी राहिली, पण कुणी येणार असलं की ती गुंडाळून बाल्कनीत जायची आणि तेवढा वेळ आई खोलीत. दारावरची बेल वाजली की आधी पट्टी उचलायची, मग दार उघडायचं, अशी शिस्त घराला लागली. इंटीरियर करणारी मुलगी फोटो काढायला आली तेव्हा पट्टीबरोबर आईची काठीही बाल्कनीत गेली होती. ‘आजी, तुमचं घर किती ब्राइट झालं ना,’ असं तिने खोलीत डोकावून सांगितलं. आई म्हणाली, ‘हो, डोळे मिटून बसावं लागतं.’

मग दादाने सत्यनारायण घातला. पूजा हे निमित्त होतं, हे त्याने लपवलंही नाही. सोसायटीतले लोक, ऑफिसातले लोक, वहिनींच्या माहेरचे, फरशी बघायला बोलावलेली अशी मंडळी तीर्थप्रसादाला आली. पट्टी सकाळीच गेली होती. आईला रेशमी साडी नेसवून खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. ‘आरतीला मी स्वतः हात धरून नेतो,’ असं दादाने सांगितलं होतं.

हॉलमध्ये पाट ठेवला की सरकत होता, तेव्हा गुरुजींनी खाली ओलं फडकं घालून घेतलं. पाहुणे अनवाणी, पायाची बोटं आवळून, थंड पाण्यात उतरावं तसे आत येत होते आणि वर बघून ‘वा’ म्हणत होते. खाली बघून म्हणायची हिंमत बसल्यावर येत होती. एक गृहस्थ गुडघ्यावर बसून सांध्यावरून नख फिरवत होते. ‘जॉइंट लागतच नाही हो हाताला,’ ते म्हणाले. दादा सोवळं नेसून, वहिनींसह, पूजेला बसला होता. तिथूनच त्याने त्यांना स्लॅबची जाडी सांगितली. गुरुजींनी कथेचा पुढचा अध्याय सुरू केला.

तेव्हा आई उंबऱ्याशी आली. तिला बाथरूमला जायचं होतं. तिने पट्टी होती तिथे बघितलं, मग हॉलभर बसलेल्या लोकांकडे बघितलं. मग दाराची चौकट धरून, सावकाश, वाकणारा पाय दुमडून आणि न वाकणारा पुढे पसरून ती खाली बसली. काठी आडवी मांडीवर घेतली, दोन्ही तळवे फरशीला टेकले आणि सरकायला लागली.

कथा चालू होती. एक बाई उठल्या. ‘अहो, आजी पडल्या का?’

‘पडले नाही,’ आई म्हणाली. ‘पडू नये म्हणून बसले.’

दादा अर्धवट उठला. आईने तिथूनच हात केला. ‘तू उठू नकोस. पूजेला बसलायस.’

पूजेला बसलेल्या यजमानाने मध्येच उठायचं नसतं, ही आमच्या घरातली रीत. बायको शेजारी बसलेली असते, तिनेही नाही. दोघं हाताला हात लावून तसेच बसले आणि आई त्यांच्या समोरून, सोनेरी शिरांवरून, खालच्या पंख्यावरून, बसल्या बसल्या पुढे गेली. रेशमी साडी त्या फरशीवर अतिशय सफाईने सरकत होती. ती फरशी बसवल्यापासून तिचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या वेळी. मी पुढे झाले तर आई म्हणाली, ‘तू फक्त दार उघड.’ मी बाथरूमचं दार उघडलं. आतली फरशी जुनीच होती, आई बेसिन धरून उभी राहिली आणि दार लावून घेतलं.

हॉलमध्ये मघा सांध्यावरून नख फिरवणारे गृहस्थ आता मांडी घालून, हात जोडून, कथा ऐकत होते.

आई आली तशीच परत गेली. जाताना काही लोकांनी पाय मागे घेऊन तिला वाट दिली. आरतीला दादा हात धरायला आला नाही.

मंडळी गेल्यावर तो खोलीत आला. सोवळं अजून अंगावर होतं.

‘सगळ्यांसमोर असं करायची काही गरज होती का, आई?’

‘मला वाटलं होतं, आरतीपर्यंत थांबवेल. नाही थांबवलं.’

‘हाक मारायची होतीस.’

‘कुणाला? कथा ऐकणाऱ्यांना, की कथेला बसलेल्यांना?’

दादाने मग तोडगा सांगितला. घरकामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून दिवसभरासाठी एक बाई ठेवायची. ती आईला धरून नेईल, धरून आणेल. पट्टीची गरज नाही. त्याच्या आवाजात एक उदार माणूस बोलत होता. आईसाठी माणूस ठेवायला तो तयार होता, फक्त फरशीला हात लागायला नको होता. मी म्हटलं, घसरू नये म्हणून फरशीवर द्यायचं एक रसायन मिळतं, तेवढ्या वाटेवर लावता येईल. ते करणारा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन उरलेल्या एका तुकड्यावर दाखवूनही गेला. द्रव ओतला, थांबला, धुतला. तिथली चमक गेली होती. बोट फिरवलं तर पकड लागत होती. दादाने तो तुकडा उजेडात धरला, आजारी माणसाचा एक्स-रे बघावा तसा, आणि ‘नको’ म्हणाला.

आईने वाद घातला नाही. ब्युरोच्या बाईला पहिल्याच दिवशी चहा देऊन परत पाठवलं. मग मी जेवायला होते त्या रात्री वहिनींना सहज विचारलं, ‘तुझी भिशी या महिन्यात आपल्याकडे आहे ना गं?’

‘हो आई. का?’

‘काही नाही. त्या बायका बराच वेळ बसतात. मला मध्ये एकदा तरी जावं लागेल.’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. भिशीतल्या बायका फोनवर फोटो काढतात आणि ते संध्याकाळच्या आत सगळीकडे जातात, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्या रसायनवाल्याला फोन केला तो दादा ऑफिसात असताना. सासूवरच्या मायेपोटी केला असं त्याही म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही.

आता आईच्या उंबऱ्यापासून बाथरूमपर्यंत त्या चकचकीत फरशीवर हातभर रुंदीचा एक निस्तेज पट्टा गेला आहे. दोन जुळ्या शिरांच्या बरोबर मधून. दादा त्या संध्याकाळी जेवला नाही, आणि नंतर महिनाभर तो विषय त्याने काढला नाही. मग एके रविवारी त्याच्या ऑफिसातलं एक जोडपं आलं, मीही होते. बाईंनी पट्ट्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे?

‘ते सॅटिन इनले आहे,’ दादा म्हणाला. ‘मुद्दाम करून घेतलं. नुसतं ग्लॉसी फार फ्लॅट दिसतं.’

‘हो ना,’ बाई म्हणाल्या. ‘रिच वाटतं. आम्ही पण असंच करू.’

आई खोलीतून काठी टेकत आली, त्यांना ‘बसा, बसा’ म्हणाली आणि सॅटिन इनलेवरून, कुणाचा हात न धरता, मोरीत गेली.