धुरासाठी राखलेलं घर

थॉर्नली पार्क या जहागिरीतल्या तळ्याच्या जागी आमचं गाव होतं. आताच्या मालकांच्या वडिलांना आपल्या मोठ्या घराच्या खिडकीतून झोपड्या आणि डुकरं बघवेनात. त्यांनी गाव टेकडीपलीकडे हलवलं, ओढा अडवला, उतारावर बीच जातीची उंच झाडं लावली. एकच घर ठेवलं. तळ्यापलीकडे झाडीतून धुराची रेघ वर गेली की देखावा पुरा होतो, असं बागेची आखणी करणाऱ्याचं मत पडलं.

त्या घरात हेप्झिबा क्लूझ राहायची, आणि तिचा नवरा जेबेझ, काटक्यांची कुंपणं विणणारा. भाडं नव्हतं. अट एकच: पाहुणे आले की मोठ्या घरावर निशाण चढायचं, आणि ते उतरेपर्यंत इथून धूर दिसला पाहिजे.

शोभेसाठी धुराड्याच्या तोंडाशी नक्षीचा, निमुळता दगड बसवला होता. थंडीत धूर कसाबसा वर जायचा. उन्हाळ्यात बाहेरची हवा तापली की ओढच राहायची नाही, निम्मा धूर खोलीत उतरायचा. एरवी दोघं अंगणात जाऊन बसत. पण त्या वर्षी जेबेझची छाती भरली आणि त्यानं अंथरूण धरलं. जूनमध्ये चूल पेटवली, तेव्हा तो खोकून निळा पडला.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा निशाण चढलं.

"पेटव," जेबेझ म्हणाला. "नाहीतर घर जाईल."

"पेटवली तर तू जाशील."

"मी काय, आज ना उद्या जाणारच. घर परत मिळायचं नाही."

"गप पड. मोठा शहाणा!"

तिनं लोखंडी भांड्यात निखारे घेतले, शिडी लावली आणि दगडी कौलांवरून धुराड्यापर्यंत गेली. भांडं त्याच्या आडोशाला ठेवून ओला पेंढा टाकत बसली. धूर झकास निघाला.

दुपारी कारभारी ट्रँटर तळ्याला वळसा घालून धापा टाकत आला.

"खाली उतर आधी! पाहुणे दुर्बिणीतून बघताहेत!"

"धूर दिसतोय ना, साहेब?"

"तू दिसतेयस, बाई! देखाव्यात तू नाहीयेस!"

"मग जरा आत जाऊन बघा, मी का चढले ते."

तो आत गेला. जेबेझ उशीला टेकून बसला होता.

"या साहेब, बसा. आज आमच्याकडं मोकळी हवा आहे."

ट्रँटर तसाच मोठ्या घराकडे परतला. संध्याकाळी निरोप आला: छपरावरची बाई पाहुण्यांना फार आवडली, यापुढे दरवेळी चढावं. हेप्झिबानं उलट कळवलं की चढेन, पण निशाण असताना आत चूल पेटणार नाही. मोठ्या घरानं ते मान्य केलं.

उन्हाळाभर ती चढली. गुडघे सुजले तरी चढली. सप्टेंबरात जेबेझ झोपेतच गेला.

ऑक्टोबरात निशाण चढलं, तेव्हा तिनं चूल पेटवली. गारठा होता, धूर सरळ वर गेला. ट्रँटर आलाच.

"चढली नाहीस? पाहुणे विचारताहेत."

"तो गेला की, साहेब. आता कशाला चढू?"

ट्रँटर छपराकडे बघत उभा राहिला. अट धुराची होती, आणि धूर होता.

"बरं," म्हणून तो परत वळला. पाहुण्यांना त्यानं काय सांगितलं ते कळलं नाही. मरेपर्यंत घर तिच्याकडेच राहिलं.