दोघांची एकच परीक्षा

माझ्या नवऱ्यानं नेटवर्किंगची परीक्षा दिली त्या दिवशी आमच्या गल्लीत भाजीवाल्यालासुद्धा ओरडायची बंदी होती. ही परीक्षा घरूनही देता येते. दार लावायचं, लॅपटॉपसमोर बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा आणि कुठूनतरी एक पर्यवेक्षक शेवटपर्यंत तुमच्यावर नजर ठेवून असतो. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द, भरलेली फी बुडाली. म्हणून अत्तम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधी लेकाच्या हातावर दही-साखर ठेवली आणि मग दाराबाहेर पाट टाकून पहारा धरला. जो कोणी पायरी चढेल त्याला तेलुगूत दटावून परत पाठवत होत्या. शेजारचे यंत्रमाग काही त्यांच्या हातात नव्हते, नाहीतर तेही बंद करायला लावले असते. मी स्वयंपाकघरात कुकर न लावता बसून होते, कारण शिट्टी वाजायला नको.

अर्धा वेळ शिल्लक असतानाच नवरा बाहेर आला. ‘झालं की!’ म्हणाला. पास. अत्तम्मांनी गल्लीभर पेढे वाटले. सर्टिफिकेट नवी पेठेतून फ्रेम करून आणलं आणि देव्हाऱ्याच्या शेजारी खिळा ठोकून लावलं. सकाळी दिवा लावताना माझे हात देवाला जोडलेले आणि डोळे त्या फ्रेमवर, असं चालायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता त्याला किती येत होतं, हे मला चांगलं माहीत होतं. तो एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे. बिलाचा प्रिंटर अडकला की कागद ओढायचा, मशीन रुसलं की बंद करून चालू करायचं. बहुतेक वेळा चालूही होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परीक्षेसाठी त्यानं पुस्तक उघडलं नव्हतं. त्याच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल फिरत होती. परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, सगळं आयतं. पोरं पाढे पाठ करतात तशी त्यानं ती पाठ केली. प्रश्नाचे पहिले चार शब्द दिसले की उत्तर तयार. बाकीचा प्रश्न वाचायचीसुद्धा गरज नाही.

आणि मी? त्याच परीक्षेचा अभ्यास मी त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. मुलगी झाल्यावर माझी कॉम्प्युटर क्लासमधली नोकरी सुटली होती. आता ती शाळेत जायला लागली आणि गावाबाहेरच्या एका कॉलेजात लॅब सांभाळायची जागा निघणार, असं कानावर आलं. कायमची जागा. अट एकच, हे सर्टिफिकेट हवं, तेही कॉलेजचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत. ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. रोज सकाळी स्वतःचा डबा भरून, स्वतःच्या कामाला, स्वतःच्या नावानं बाहेर पडायचं होतं.

दुपारी अत्तम्मा आडव्या झाल्या की मी बसायची. जुन्या बाजारातून एक खरचटलेला स्विच आणला होता. म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पेटी. तो ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवून त्याला माझा लॅपटॉप आणि मुलीचा जुना टॅब जोडायची, मुद्दाम बिघडवायची आणि परत नीट करायची. मुलीच्या पाटीवर आकृत्या काढायची. सुरुवातीला काही म्हणजे काही कळायचं नाही, रडू यायचं. मग एक दिवस भाकरी थापता थापता उमगलं, की अरेच्चा, कॉम्प्युटरचा पत्ता असा फोडतात होय! भाकरी करपली, पण मला इतका आनंद झाला की तशीच खाल्ली. त्या दिवसापासून कळण्याची चटकच लागली.

नवरा बघायचा आणि हसायचा. ‘कशाला डोकं फोडून घेतीस? फाईल घे की. मी पाठवतो.’

‘नको.’

‘अगं, सगळे तेच करत्यात.’

‘करू देत. उद्या कॉलेजात पोरांच्या परीक्षेत नेट बंद पडलं, तर मी फाईल दाखवू का त्यांना?’

‘लई शहाणी,’ असं म्हणून तो मोबाईलवर क्रिकेट बघायला लागायचा. लोकांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण अशा वेळी मनात जे यायचं ते लिहिण्यासारखं नाही. त्याला झोप कशी लागायची, याचंच मला नवल वाटायचं. आणि खरं सांगू का, नवल कसलं, जळायची मी. त्याच्या पेढ्यांवर जळायची, फ्रेमवर जळायची, दाराबाहेरच्या त्या पाटावर तर सगळ्यात जास्त.

माझ्या परीक्षेचा दिवस आला. पाट टाकायला कोणी नव्हतं. नवरा ड्यूटीवर गेलेला. अत्तम्मांना मी दोनदा सांगितलं, ‘दार उघडू नका, काही झालं तरी.’ त्या म्हणाल्या, ‘मला काय कळत नाही का?’ मी मोडक्या कडीचं दार नुसतं लोटून घेतलं, टेबल साफ केलं, कॅमेऱ्याला चारही भिंती दाखवल्या आणि सुरुवात केली. प्रश्न अवघड होते, पण ओळखीचे होते. कुठून कुठे जायचं ते मला दिसत होतं. पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला येतंय.

अर्ध्यावर आले असेन नसेन, तर दार उघडलं. अत्तम्मा. हातात वाटी, वाटीत चमचा. दही-साखर द्यायची राहिली होती ना! आता आठवलं. सून बिनादह्याची परीक्षेला बसली म्हणून बिचाऱ्या घाबरल्या होत्या. मी हातानं ‘जा, जा’ करते, तर त्यांना वाटलं मी बोलावतेय. आल्या त्या सरळ माझ्या तोंडात चमचा घातला, डोक्यावरून हात फिरवला, आणि लॅपटॉपमध्ये वाकून त्या पर्यवेक्षकालाही तेलुगूत सांगितलं, की पोरगी हुशार आहे, जरा सांभाळून घ्या. तोंडातली साखर विरघळायच्या आत पडदा बंद झाला. परीक्षा रद्द.

त्यांना काय बोलणार? प्रेमानंच केलं होतं. पण लेकाच्या वेळी दही वेळेवर आठवलं आणि माझ्या वेळी अर्ध्यावर, हे मी कसं विसरू? संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगूनही आला. रडून रडून माझे डोळे सुजले होते आणि त्याचा दिवस मजेत गेला.

कॉलेजची मुदत जवळ आली होती. मी माझ्या बांगड्या मोडल्या नाहीत की उपास केला नाही, सरळ पुन्हा फी भरली आणि या वेळी पुण्याचं सेंटर घेतलं. पहाटेच्या गाडीनं एकटी गेले. तिथं दही नव्हतं, अत्तम्मा नव्हत्या, नुसता थंडगार एसी आणि एक खुर्ची. शेवटच्या मिनिटापर्यंत प्रश्न सोडवत होते. पास झाले तेव्हा त्या सेंटरच्या जिन्यातच बसले. बार्शीला आईला फोन लावला. तिला परीक्षेतलं काही कळत नाही, पण ती माझ्यासोबत रडली.

घरी आले. अत्तम्मा खूश झाल्या. म्हणाल्या, ‘आता दोघांचं सारखंच झालं की!’ पेढे आणायचं कोणाला सुचलं नाही. फ्रेमचा विषय मी स्वतः काढला, तर नवरा म्हणाला, ‘एकाच घरात त्याच दोन फ्रेम काय करायच्या? लोक हसतील.’ सारखंच! कागद तर खरंच सारखा होता. तीच कंपनी, तीच सही, तोच शिक्का. त्याचा आणि माझा शेजारी ठेवला असता, तर कोणाला फरक सांगता आला नसता. माझं मी कपाटात साड्यांखाली ठेवलं.

मग कॉलेजचं बोलावणं आलं. नवऱ्यानं गाडीवर सोडलं. म्हणाला, ‘मी थांबतो गेटवर.’ मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आत एक मॅडम होत्या, केस पिकलेले, चष्मा गळ्यात. त्यांनी माझं सर्टिफिकेट बघितलं आणि बाजूला सारलं. ‘हे हल्ली सगळ्यांकडे असतं,’ म्हणाल्या.

‘एक सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘लॅबमधल्या कॉम्प्युटरना पत्ते वाटणारं मशीन बंद पडलं. मग कॉम्प्युटर स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन बसतो. त्या पत्त्याची सुरुवात कोणत्या आकड्यानं होते?’

हे तर मी मिक्सरशेजारी कितीदा बघितलं होतं. ‘१६९,’ मी म्हणाले. ‘आणि तो दिसला की कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आधी पत्ते वाटणाऱ्या मशीनकडे जायचं.’

त्या हसल्या. ‘वा. बरोबर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आत्तापर्यंत जो आला तो छातीठोकपणे १९२ म्हणाला. गावात कुठलीतरी फाईल फिरतेय आणि तिच्यात हे उत्तर चुकलंय. सगळ्यांचं चुकतं, आणि सगळ्यांचं सारखंच चुकतं.’ मग माझ्या अर्जाकडे बघून त्या सहज म्हणाल्या, ‘मागच्या सोमवारी तुमच्याच आडनावाचे एकजण येऊन गेले. हॉस्पिटलात कामाला आहेत. अनुभव चांगला होता, पण तेही १९२च म्हणाले. नात्यातले का?’

मागच्या सोमवारी नवरा लग्नकार्याला ठेवलेला शर्ट घालून ड्यूटीवर गेला होता. मी इस्त्री करून दिला होता. मी इतके दिवस एकटीच जळतेय असं समजत होते.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘गावाच्या पूर्व भागात आमच्या आडनावाची लई घरं आहेत.’

‘बरं. मग एक तारखेपासून येता?’

‘येते की,’ मी म्हणाले.

गेटवर नवरा गाडीला टेकून उभा होता. ‘काय विचारलं?’ आवाज उगाच सैल सोडलेला. मी त्याला प्रश्न सांगितला, शब्द न् शब्द.

‘हात्तिच्या! सोपं की. १९२.’

‘बरोबर,’ मी म्हणाले. ‘मीपण तेच सांगितलं.’

‘मग?’

‘मग काय. घेतलं मला. एक तारखेपासून.’

तो हसायला गेला आणि मधेच थांबला. माझ्याकडे बघितलं, कॉलेजकडे बघितलं. त्याच उत्तरावर बायकोला कसं घेतलं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते विचारायचं, तर आपणही इथं येऊन गेलो हे आधी सांगायला लागणार होतं. मी वाट बघितली. तो गाडीची किल्ली फिरवत राहिला.

‘चला की,’ मी म्हणाले आणि मागे बसले.