पाठमोरा विद्यार्थी

आमच्या ह्यांचं अर्धं आयुष्य पडद्यासमोर गेलं. नटबिट समजू नका. एका मोठ्या गोदामाच्या कॅमेरा-खोलीत बसून भिंतीवरच्या पडद्यांवर नजर ठेवायची, ही नोकरी. डोळ्यात तेल घालून बघायचं. काही हललं की टिपायचं, नाही हललं तर सगळं ठीक.

मग कंपनीने स्वतःच बघणारी आणि स्वतःच बोंब मारणारी यंत्रणा घ्यायचं ठरवलं. साहेब म्हणाले, आगीपासून सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स पास व्हा, तपासनीस म्हणून ठेवून घेतो. नाहीतर वर्षअखेरीस नारळ.

पन्नाशी उलटलेला माणूस रोज संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसू लागला. मला कौतुक वाटायचं. धडे भराभर संपत होते, प्रत्येकापुढे हिरवी खूण उमटत होती. परीक्षा दिली आणि हे सपशेल आपटले. आता एकच संधी उरली होती.

"अहो, रोज इतकं बघत होतात, ते गेलं कुठे?"

"बघत होतो ना! अगदी मन लावून."

दुसऱ्या दिवशी धडा चालू असताना मी मुद्दाम खोलीतून ये-जा केली. संपल्यावर विचारलं, "काय सांगितलं मास्तरांनी?"

हे म्हणाले, "त्यांच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. तू बादली घेऊन गेलीस आणि रिकाम्या हाताने आलीस."

हसावं की रडावं कळेना. नजर शाबूत होती, हीच तर पंचाईत! मास्तर बिचारे जागचे हलत नव्हते, आणि हलत नाही ते सगळं ठीक, हे ह्यांच्या हाडीमाशी मुरलेलं.

मी खुर्चीच फिरवली. "आजपासून लॅपटॉपकडे पाठ करून ऐकायचं."

"तोंड फिरवून कोणी शिकतं का?"

"तुम्ही शिकाल. चित्र दाखवलं तर तेवढ्यापुरतं वळून बघा."

मोबाइल माझ्या शिलाईच्या डब्यात गेला. हिरव्या खुणांचा नाद मी सोडायला लावला. थोडं ऐकायचं, थांबवायचं, आणि मी कपड्यांच्या घड्या घालताना मला सांगायचं. कालचं मी आज विचारायची. "धूर वर जातो, म्हणून वाकून बाहेर पडायचं," हे ऐटीत सांगायचे. मी म्हणायची, "का वर जातो?" की झालं, स्वारी मुकाट्याने धडा मागे घ्यायची. कधी चिडायचे, "तू काय परीक्षक आहेस?" पण हळूहळू माझे प्रश्न संपायच्या आधीच उत्तरं यायला लागली.

परीक्षा घरूनच होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणी लांबचा माणूस पहारा देणार, खोलीत दुसरं कोणी नको. मी बंद दाराला कान लावून उभी. पहिल्याच प्रश्नाला खुर्ची करकरली. विचार करायला हे सवयीने पाठमोरे झाले असणार. लगेच आवाज आला, "स्क्रीनकडे बघा. पुन्हा वळलात तर परीक्षा रद्द होईल."

मी लावलेली सवयच मुळावर आली होती. त्यानंतर खुर्ची एकदाही वाजली नाही. म्हटलं, संपलं सगळं, बसले पुन्हा पुतळ्यासारखे.

बाहेर आले तेव्हा चेहरा कोरा. निकाल तिथल्या तिथे लागला होता.

"झालो पास."

मी तिथेच खाली बसले. "अहो, पण कसे?"

"तो पलीकडचा माणूस म्हणजे आमच्यातलाच की. काही हललं नाही की त्याचं सगळं ठीक. म्हणून डोळे समोर रोखून ठेवले."

"आणि उत्तरं?"

"ती तुला सांगत होतो, मनातल्या मनात. तू घड्या घालत होतीस. अडलं की म्हणायचीस, 'का?'"

हा माणूस माझं काही ऐकतच नाही, ही माझी लग्नापासूनची तक्रार. मला रडूच फुटलं. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. मी जागची हलतही नव्हते, तरी हे माझ्याकडेच बघत होते.